वीरण्णाची तरणी उमर

लग्नात बसम्मा आठ वर्षांची होती आणि वीरण्णा चौदाचा. त्या दिवसातलं तिला पुढं एवढंच आठवायचं, की मांडवामागच्या चुलींचा धूर सगळा आत येत होता आणि शेजारी बसलेल्या पोराच्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. तोंड काही दिसलं नाही. त्याच्या तोंडावर बाशिंग होतं आणि हिच्या डोळ्यांत धूर. लग्न लागलं आणि बसम्मा आपल्या माहेरी, निलंग्याकडच्या खेड्यात, परत गेली.

शहाणी होऊन ती नांदायला आली, तर नवरा घरात नाही. तो सिनेमात गेला होता.

"सिनेमात गेला म्हंजी कुठं गेला?" तिनं सासूला विचारलं.

"पुण्याला," सासू म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली. त्याउपर त्या बाईलाही काही माहीत नव्हतं.

झालं होतं ते असं. देवणी भागात हालकुड्यांचं घर बैलांसाठी नावाजलेलं. सासरा गुंडप्पा बैल विकायचा कमी आणि मिरवायचा जास्त. त्याच्या दावणीला एक बालंक्या होता. देवणी बैलांतल्या पांढऱ्याशुभ्राला तिकडं बालंक्या म्हणतात. लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत गुंडप्पानं तो नेला आणि पुण्याच्या एका सिनेमा कंपनीचा माणूस तिथं त्या बैलाच्या मागं लागला. महादेवाचा सिनेमा काढायचा होता आणि त्यांना नंदी पाहिजे होता. गुंडप्पा विकायला कबूल होईना. "देवाच्या कामाला नेऊन राहिलाव तर न्या," तो म्हणाला, "पर काम झालं की जिथल्या तिथं आणून बांधा." बैल परक्याला जवळ येऊ देत नसे, म्हणून सोबत वीरण्णाला धाडलं. पोरगं तेव्हा विशीला टेकलेलं. लातूरहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीनं पुणं, असे दोघं गेले.

तिथं बैल त्या झगझगीत उजेडाला बुजला. वीरण्णा जवळ असला तर तो उभा राही, नाहीतर दावं तोडी. मग कंपनीच्या मास्तरनं वीरण्णाच्याच अंगाला राख फासली, डोक्याला जटा बांधल्या आणि महादेवाच्या गणांत त्याला उभं केलं. सिनेमा पुरा झाल्यावर मास्तरच्या ध्यानात आलं, की पडद्यावर नजर महादेवाकडं जात नाही, त्या बैलाशेजारच्या पोराकडं जाते.

बैल परत आला तेव्हा गुंडप्पा लातूरच्या स्टेशनावर न्यायला गेला होता. कंपनीच्या माणसानं बैल खाली उतरवला. गुंडप्पा डब्यात डोकावला, बाहेर आला, पुन्हा डोकावला.

"पोरगं?"

"ते आता नट झालंय, काका. कंपनीनं ठेवून घेतलं."

गुंडप्पानं बैलाला पाणी पाजलं आणि तो देवणीच्या वाटेला लागला. घरी आल्यावर बायको रडली, तो बैल दावणीला बांधत राहिला. त्या बैलाला गाव मात्र नंद्या म्हणू लागलं, आणि सोमवारी बाया येऊन त्याच्या कपाळाला विभूती लावून जाऊ लागल्या.

बसम्मा नांदायला आली ती ह्या घरात. नंद्याला वैरण टाकायची, त्याचं शेण काढायचं, त्याला ओढ्यावर न्यायचं, ही कामं तिच्याकडं आली. दहा वर्षं तिनं ती केली. बाया तिला विचारत, नवऱ्याची काही खबर हाय का. ती म्हणे, हाय की, बरे हायत. खबर कधी यायची, कधी नाही. हैदराबादेहून सतरंज्या विकायला आलेल्या एका बिछायतवाल्यानं सांगितलं, की वीरण्णाला तिकडं मास्टर वीरेंद्र म्हणतात आणि त्याची तलवार घेतलेली सिनेमाची पाटी आपण डोळ्यांनी पाहिली. बसम्मानं त्या माणसाला ताक दिलं. दिसायला कसे हायत, हे विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण आपल्याच नवऱ्याबद्दल परक्या माणसाला असं कसं विचारायचं.

वीरण्णा आला तो कुणाला न कळवता, एका दुपारी, पायी. सासू त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती आणि नंद्याही. अंगणात उभ्या माणसाला बसम्मानं भिकारी समजून पीठ आणलं. त्याचं सगळं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं होतं आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. गुंडप्पानं आवाज ओळखला. तो उठला, त्यानं पोराचा हात धरून त्याला बाजेवर बसवलं आणि बसम्माला म्हणाला, "पाणी आण. नवरा हाय तुझा."

त्याची कहाणी तिला हळूहळू, तुकड्या-तुकड्यानं कळली. गणाचा शिपाई झाला, शिपायाचा दरोडेखोर, दरोडेखोराचा राजपुत्र. दोन सिनेम्यांत तर नायकच होता. तेव्हाचे सिनेमे मुके. माणसं तोंडं हलवायची, आवाज नसायचा. मधेच पडद्यावर अक्षरं यायची, ज्याला येतं त्यानं वाचावीत. पाच-सहा वर्षं बरी गेली. मग बोलता सिनेमा आला. मास्तरनं सगळ्यांचे आवाज घेतले. वीरण्णाला म्हणायचं होतं, राजकुमारी, माझ्यावर विश्वास ठेव.

"मग?" बसम्मानं विचारलं.

"म्या म्हणलो, राजकुमारी, माज्यावर इस्वास ठिव. त्यांनी मशीन उलटं फिरवून सगळ्यांना ऐकवलं. लई हसले. मास्तर न्हाई हसला. मास्तर उठून भायेर गेला."

त्यानंतर त्यानं गर्दीत उभं राहायची कामं केली, कोल्हापुरात, मग मुंबईत. मुंबईतच त्याला देवी आल्या. जगला. तोंड गेलं. मग गावाकडं यायला हरकत राहिली नाही.

शेतात त्याचं मन लागेना. नांगराची सरी वाकडी जाई आणि तो तसाच उभा राही. अशात नांदेडच्या कासिमसाबचा तंबू देवणीच्या बाजारात आला. शहरांत बोलते सिनेमे आले तसे मुके सिनेमे कुणी विचारीना. कासिमसाबनं त्यांची रिळं पडत्या भावानं घेतली होती आणि निजामाच्या मुलखात, जिथं वीज नाही तिथं, तो ती दाखवत फिरे. यंत्र हातानं फिरवायचं, आत गॅसचा दिवा. वीरण्णा तंबूत गेला आणि पडद्यावर राजपुत्र आला तसा उभा राहून म्हणाला, "ह्यो म्या हाय."

तंबू हसला. वणांनी भरलेलं ते तोंड आणि तो गोरापान राजपुत्र. तेव्हा वीरण्णा पडद्याच्या कडेला गेला आणि पुढं काय होणार ते आधीच सांगू लागला. आता ही बाई पानाचा विडा देईल. आता ह्यो थोरला भाऊ खांबामागून ऐकून राहिलाय. सगळं तसंच होत गेलं. सांगता सांगता तो राजपुत्राच्या तोंडचं बोलू लागला, मग राजकुमारीच्याही. ज्या बोलीला पुण्यात हसले त्याच बोलीत. लोक इतके गप्प झाले, की दिव्याची फुरफुर ऐकू येऊ लागली.

कासिमसाबनं त्याला तिथंच ठेवून घेतलं. अक्षरं वाचता न येणाऱ्या लोकांना असा बोलणारा माणूस पाहिजेच होता. वीरण्णानं घरी येऊन सांगितलं, उद्या निघतो. बसम्मा चुलीपुढं होती.

"म्या बी येते," ती म्हणाली.

"तंबूत बायकांचं काय काम?"

"आता म्या मागं राहणार न्हाई. दहा वर्सं बैल राखला."

गुंडप्पा बाजेवरून म्हणाला, "जाऊ दे तिला." त्यावर बोलणं संपलं.

पहिल्याच महिन्यात हँडल फिरवणारा गडी हिवतापानं पडला आणि बसम्मानं हँडल धरलं ते पुढं दहा वर्षं सोडलं नाही. ते काम दिसायला सोपं. पण गती एकसारखी पाहिजे. फिरवणं थांबलं तर रीळ दिव्यापुढं पेट घेई. म्हणून हात दुखला, घाम आला, डास चावला, थांबायचं नाही. उजवा दंड सुजायचा. वीरण्णा त्याला तिळाचं तेल चोळून द्यायचा.

सुरुवातीला भीतीपोटी तिची नजर हँडलावरच असे. देगलूरला एकदा हाताला गती सापडली आणि तिनं मान वर केली. बागेतला प्रसंग चालला होता. राजपुत्र झाडाआडून पुढं आला, त्यानं फेट्याचा शेमला मागं टाकला आणि तो हसला. बसम्मा पाहत राहिली. हा माणूस हसतो कसा, हे तिला ठाऊकच नव्हतं. घरी आल्यापासून तो हसला नव्हता. पडद्यावरचं तोंड स्वच्छ, कपाळ रुंद, दोन्ही डोळे धड. आणि कडेच्या अंधारातून तिच्या नवऱ्याचा आवाज येत होता, "राजकुमारी, माज्यावर इस्वास ठिव." तोंड तिकडून आणि आवाज इकडून, असा मिळून तिचा नवरा त्या रात्री पहिल्यांदा तिला पुरा दिसला. त्या वेळी ती पंचवीस वर्षांची होती.

पुढं कुणाच्या ध्यानात न येईल एवढंसं ती त्या जागी हँडल हळू फिरवू लागली. कासिमसाबच्या ध्यानात आलं. "बसम्मा बी, जरा जल्दी," तो म्हणे, पण रागावत नसे.

उमरीला कापूस आला की तंबू उमरीला, माळेगावच्या जत्रेत माळेगावला, उन्हाळ्यात इस्लापूर-किनवटकडं. उदगीरकडं वीरण्णा कन्नड मिसळी, देगलूरकडं तेलुगू, नांदेडात दखनी. "देखो रे देखो, पीछू से आ रा उने," म्हटलं की पोरं खरंच मागं वळून बघत. सिनेम्याच्या शेवटी थोरला भाऊ विहिरीवर राजपुत्राला सुरा मारी. त्यामुळं बसम्माचा नवरा रोज हसे आणि रोज मरे. आणि तंबू आवरल्यावर दुसरा नवरा भाकरी मोडून खाई, टक्कल पुसे आणि कण्हत आडवा होई. तिला त्या दोघांचंही करावं लागे. मन्मथ पोटात होता तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत ती हँडलावर होती. पोरगं इस्लापूरला झालं, तंबूतच.

मग दिवस बिघडले. रझाकारांच्या काळात माणसं अंधारात घराबाहेर पडेनात. पोलिस ॲक्शननंतर कासिमसाबच्या भावाचं नांदेडजवळ घर जळालं आणि कासिमसाब बायकापोरं घेऊन हैदराबादला निघून गेला. जाण्याआधी त्यानं रिळांची पेटी वीरण्णाच्या हवाली केली. "तुझीच सूरत आहे यात. तूच सांभाळ," म्हणाला. यंत्र त्यानं आधीच कुणाला तरी देऊन टाकलं होतं.

पेटी देवणीच्या घरात धान्याच्या कोठीमागं दोन वर्षं पडून होती. बसम्मा ती कधी उघडत नसे. उघडून दिसणार काय, काळ्या पट्ट्या. पण ती तिथं आहे हे तिला माहीत असे. एकदा ती माहेराहून चार दिवसांनी आली, तर अंगणात एक गोऱ्हा बांधलेला आणि कोठीमागची जागा रिकामी. सोलापूरचा एक माणूस जुनी रिळं गोळा करत फिरत होता. ती धुऊन त्यांच्या बांगड्या आणि फण्या करतात म्हणे.

"वास सुटला व्हता त्यांना," वीरण्णा म्हणाला. "पेटलं असतं एखाद्या दिवशी घर. गोऱ्हा बघ कसा हाय."

बसम्मा गोठ्यात गेली आणि तिनं गोऱ्ह्याला वैरण टाकली. तिथंच दावणीवर बसून ती बराच वेळ रडली. वीरण्णा दाराशी आला, उभा राहिला. माहेरी कुणी काही बोललं असेल, असं त्यानं मनाशी धरलं आणि तो परत गेला.

त्या घरानं जागा न सोडता जिल्हे बदलले. आधी बिदर होतं, मग राज्यं नव्यानं झाली तेव्हा उस्मानाबाद झालं. गुंडप्पा गेला. गोऱ्ह्याचा बैल झाला, म्हातारा झाला. मन्मथ लातूरला एका डाळमिलवर कामाला लागला आणि त्यानं शिवकांताशी लग्न करून तिकडंच खोली केली. देवणीत म्हातारा-म्हातारी राहिली.

बहात्तर साली दुष्काळानं सगळ्यांनाच घराबाहेर काढलं. विहिरींचे तळ दिसले, दावणी रिकाम्या झाल्या. पाझर तलावाचं काम निघालं होतं, त्यावर बसम्मा खडी फोडायला जाऊ लागली. साठ वर्षांची बाई. पण दंडाला सवय होती. वीरण्णाला हातोडा झेपत नसे. तो तिच्यासोबत यायचा आणि बाभळीच्या काटक्यांवर फाटकं धोतर टाकून त्या सावलीत बसायचा. दुपारी सुकडी वाटत, ती दोघं मिळून खात. घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. त्या घशाखाली उतरत नसत, पण त्याबद्दल बोलायचंही कुणाला त्राण नव्हतं.

बसम्माच्या शेजारी नागुबाई म्हणून बौद्धवाड्यातली बाई खडी फोडायची. कुणाकडून तरी तिनं ऐकलं होतं.

"वीरण्णा मामा, तुमी म्हणं शिनेमात व्हताव."

"व्हतो."

"मग सांगा की काही. हातोड्यानं डोकं उठलं."

वीरण्णानं आढेवेढे घेतले आणि मग सुरुवात केली. आवाज खाली गेला होता, पण बाया ऐकू लागल्या. बागेपर्यंत ठीक आलं. तिथं तो अडकला.

"मग राजपुत्र... मग त्यो घोड्यावर..."

"घोड्यावर न्हाई," हातोडा न थांबवता बसम्मा म्हणाली. "झाडाआडून येतो. शेमला मागं टाकतो. मग हसतो."

"हाव. हसतो," वीरण्णा म्हणाला आणि त्यानं पुढं सांगितलं. पण नंतर पुन्हा पुन्हा तो अडकला, आणि पुन्हा पुन्हा तिनं हात दिला. शेवटी विहिरीपाशी तो गप्प झाला तेव्हा सिनेमा तिनंच संपवला. नागुबाईनं पदरानं डोळे पुसले; धुरळ्यानं का कशानं कोण जाणे.

परतताना दोघं ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालली होती. वीरण्णा मागं पडत होता, ती थांबत होती.

"तुला इतकं कसं ध्यानात हाय?" त्यानं विचारलं. "म्या केलेलं, मला आठवंना."

"तुम्ही एकदा केलं. म्या रोज बघितलं."

थोडं चालून झाल्यावर तो म्हणाला, "रिळं इकली त्या दिवशी तू गोठ्यात रडून राहिली व्हतीस. तवा मला कळलं न्हाई."

"आता कळलं का?"

"तू सांग."

बसम्मा एका दगडावर टेकली. दमली होती, आणि बोलायचंही तिच्या जिवावर आलं होतं. पण त्यानं इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं होतं.

"तुमची तरणी उमर तुम्ही जगून आलाव," ती म्हणाली. "मला ती कुठं मिळाली? तुम्ही घरी आलाव ते असे. मला ती पडद्यावरच दिसायची, हँडल फिरवताना. तेवढीच व्हती माझ्याकडं. तिचा तुम्ही गोऱ्हा आणलाव."

वीरण्णा तिच्या पायाशी वाळूत बसला. फूल पडलेल्या डोळ्यातून त्याच्या सारखं पाणी गळे, त्यामुळं तो रडतो आहे का हे कधी कळत नसे.

"मला वाटलं, तुला तंबूचा कंटाळा व्हता," तो म्हणाला. "दंड दुखायचा तुझा."

"दुखायचाच. चला, अंधारतंय."

त्याच उन्हाळ्यात मन्मथ येऊन दोघांना लातूरला घेऊन गेला. खोली एकच, नातवासकट माणसं पाच. वीरण्णाला एका टॉकीजवर दाराशी उभं राहून तिकिटं फाडायचं काम मिळालं. सहा-सात वर्षं त्यानं ते केलं. पडदा पाठीमागं असे, आतून गाणी आणि मारामाऱ्या ऐकू येत. आपण कोण होतो हे त्यानं तिथं कुणाला सांगितलं नाही, आणि आत काय चाललंय हे वळून बघितलंही नाही. पाय सुजू लागले तेव्हा मालकानं दुसरा माणूस घेतला. मग तो खोलीच्या उंबऱ्यात बसून राहू लागला.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला सगळंच आपलं पाहिजे होतं. आपले पैलवान, आपले कवी, आपले स्वातंत्र्यसैनिक. कालपर्यंत हे सगळे उस्मानाबादच्या खात्यावर होते. सत्कार आणि स्मरणिका ठरली. स्मरणिकेचं काम रेणुकादास मास्तरांकडं आलं. हे मूळचे उमरीचे, लातुरात शाळेत शिकवत. ते एके दिवशी गल्ली विचारत विचारत खोलीशी आले.

"लहानपणी उमरीला तंबूत एक सिनेमा पाहिला होता," ते वीरण्णाला म्हणाले. "कडेला एक गृहस्थ उभे राहून बोलायचे. फार दिवस शोधतोय. ते आपणच का?"

"म्याच."

"आणि यंत्रावर एक बाई असायच्या."

शिवकांतानं हसून सासूकडं बोट केलं. बसम्मा ज्वारी निवडत होती, तिनं मान हलवली.

मास्तरांनी चहा घेतला, आदरानं दोन-चार गोष्टी विचारल्या आणि तरुणपणचा फोटो मागितला. फोटो नव्हता. कंपनीनं काढलेले कंपनीत राहिले, वीरण्णा म्हणाला. मास्तर हळहळले. "बघतो, पुण्यात एकांकडं जुनी मासिकं आहेत," म्हणाले आणि गेले.

सत्कार हिवाळ्यात झाला. पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली, पाण्याचा प्रश्न, रेल्वेचा प्रश्न, मग सत्काराची रांग. वीरण्णाला दोघांनी धरून वर नेलं. शाल अंगावर पडली तशी घसरली, ती कुणीतरी पुन्हा ठेवली. दोन शब्द बोलता का, असं विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि तो खाली आला. त्याला लघवीला लागली होती. बसम्मा बायकांच्या बाजूनं उठून त्याच्याकडं गेली.

स्मरणिका घरी आल्यावर मन्मथनं पान काढून दाखवलं. पानभर फोटो होता. रेशमी अंगरखा, कानात मोत्याची भिकबाळी, उभट चेहरा, बारीक मिशी. खाली छापलेलं, मास्टर वीरेंद्र, लातूर जिल्ह्याचा पहिला रुपेरी तारा.

बसम्मानं पान हातात घेतलं. ते तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. मास्टर वीरेंद्र नावाचा दुसराही कुणी त्या काळात असेल. मास्तरांनी मासिकात नाव वाचलं आणि भक्तिभावानं फोटो उचलला. त्यांचा त्यात दोष नव्हता. देवीनं बिघडवलेल्या तोंडावरून खरं-खोटं करणार कोण? कासिमसाब हैदराबादेतच वारला होता. आता ते सांगू शकणारी सगळ्या जिल्ह्यात ती एकटीच उरली होती.

वीरण्णानं पान आपल्या एका डोळ्याजवळ नेलं. बराच वेळ धरून ठेवलं. 

"नाक असंच व्हतं न्हाई माझं?" तो म्हणाला.

बसम्मानं त्याच्याकडं बघितलं. तो हसत होता. वणांमधून, बोळक्या तोंडानं, पण हसत होता.

"हाव," ती म्हणाली.

पान भिंतीला लागलं. पुढं दीड-दोन वर्षं वीरण्णा त्याच्याकडं तोंड करून बसे. शेजारचे कुणी आले की अंगरख्याबद्दल सांगे, कुठल्या सिनेम्यातला, शिंपी कोण होता. कुठून आणायचा कोण जाणे, पण सांगताना अडकत नसे. बसम्मा मध्ये बोलत नसे. मग एका थंडीत तो दोन दिवस पडून राहिला आणि गेला. लिंगायत रीतीप्रमाणं जंगम बोलावला, बसवून माती दिली. दिवस झाल्यावर मन्मथनं स्टुडिओत जाऊन स्मरणिकेतला फोटो मोठा करून घेतला, चौकट केली आणि हार घातला.

"मन्मथ, टॉकीजच्या कामाच्या कार्डावर त्यांचा फोटो व्हता की. त्यो लाव."

"त्यात डोळा कसा दिसतोय, आई. लोक ह्या फोटोला ओळखतात."

 पुढं एका दुपारी घरात सासू-सून दोघीच होत्या. शिवकांता फोटो पुसत होती, तेव्हा बसम्मा म्हणाली, "कोण हाय कुणास ठावं. चांगल्या घरचा दिसतो."

शिवकांताचा हात थांबला. सगळं ऐकून घेतल्यावर ती हळूच खाली बसली. "मग तुम्ही मामंजींना सांगितलं कामून न्हाई?"

"काय सांगायचं? त्यांना पटलं व्हतं."

"मग ते खरे कसे दिसायचे?"

बसम्मा सांगायला लागली. कपाळ रुंद. शेमला असा मागं टाकायचे. हसताना आधी डोळे हसायचे. एवढं झालं आणि ती थांबली. नाक आठवायला गेली, तर समोरचं ते उभट तोंडच डोळ्यांपुढं येई. तिनं डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

"आत्या?"

"काही न्हाई. रोज बघून बघून हाच बसला डोक्यात."

संध्याकाळी तिनं आपली वाकळ उचलली आणि फोटोखालच्या कोपऱ्यातून दुसऱ्या भिंतीला, पाण्याच्या माठाजवळ, आणून टाकली. तिथं ओल होती. मन्मथ म्हणाला, आई, तिथं दंड दुखेल तुझा. दुखू दे, ती म्हणाली आणि फोटोकडं पाठ करून निजली.